दुसरीचा आठवडा कसा बसवायचा? (सोबत पहिलीही असेल तर)

एका नवीन शिक्षिकेचा प्रश्न आहे. पवित्र पोर्टलवरून (शासनाच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून) जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे सुरुवातीला मानधनावर, लागल्यात, दुसरीचा वर्ग मिळालाय, पहिलीपण त्याच खोलीत बसते. विचारतायत की सोमवार ते शनिवार नेमकं काय काय घ्यायचं, पुस्तकातला धडा तर दोन दिवसात संपतो आणि पोरांना काहीच आलेलं नसतं, मग उरलेला आठवडा काय करायचं. शिवाय दोन वर्ग एका खोलीत कसे सांभाळायचे आणि गृहपाठ काय द्यायचा.

ताई, पहिले तर अभिनंदन. मी २००४ ला लागले तेव्हा शिक्षणसेवकाला महिन्याला ३ हजार मिळायचे, आता १६ हजार मिळतात, पण पहिल्या वर्षाची धाकधूक तीच आहे बघा. मी खान्देशातल्या दोनशिक्षकी शाळेत आहे. पट, म्हणजे शाळेतली एकूण पोरं, ६० पर्यंत असला की दोनच शिक्षक, त्यामुळे पहिली-दुसरी माझ्याकडे आणि तिसरी-चौथी सरांकडे. यंदा माझी दुसरीची १९ पोरं आणि पहिलीची १४. म्हणजे तुमच्यासारखंच.

धडा दोन दिवसात संपतो म्हणालात ना, मीपण पहिली तीन वर्षं धडे संपवायचेच काम केलं. जानेवारीत पुस्तक संपवून बसायचे आणि वाटायचं काय झकास चाललंय. सगळे एका सुरात बे एके बे म्हणायचे, कविता खणखणीत. मग एक दिवस सहज एकाला जवळ घेऊन बसवलं आणि म्हटलं तू एकटा म्हण. ते पोरगं नुसतं ओठ हलवत होतं हो वर्षभर. त्याला बे त्रिक सहाच्या पुढे काही नाही. त्या दिवसापासून एका सुरातलं म्हणणं मी आनंदासाठी ठेवलं, त्यावरून कोणाला काय येतं हे ठरवणं बंद केलं.

तर माझं गणित सोपं आहे. एका आठवड्यात भाषेची एकच गोष्ट आणि गणिताची एकच गोष्ट. रोज तीच, पण रोज वेगळ्या कपड्यात. धडा, कविता, चित्र, खेळ हे सगळं त्या दोन गोष्टींच्या कामाला लावायचं. आणि शुक्रवारी जे दिसेल त्यावर पुढचा सोमवार ठरवायचा, वार्षिक नियोजनावर नाही. टाचण, म्हणजे रोजच्या पाठाचं लेखी नियोजन, लिहायचंच आहे ते लिहा, पण रविवारी संध्याकाळी एका चिठ्ठीवर स्वतःसाठी तीन ओळी लिहा, भाषेत काय, गणितात काय आणि मागच्या आठवड्यातली कोणती चार पोरं राहिलीत. माझी चिठ्ठी हजेरीत असते.

नुसतं असं सांगून कळत नाही म्हणून दिवाळीनंतरचा एक आठवडा जसा गेला तसा सांगते. भाषेत जोडाक्षरं, गणितात दशक सुटा करून वजाबाकी, म्हणजे ज्याला आपण हातच्याची वजाबाकी म्हणतो ती. दुसरीत अडकायच्या दोन मोठ्या जागा ह्याच.

सोमवार. आमच्याकडे त्या दिवसांत कापूस वेचणी चालू असते, १९ पैकी ११-१२ च येतात. उरलेली कुठे विचारलं की दुसरं पोरगं सांगतं "माय संगे कापूस येचाले गयी". म्हणून सोमवारी मी नवीन काही काढतच नाही, जे आलेले नसतात ते आठवडाभर मागेच राहतात मग. सोमवारी गप्पा. गोल बसायचं, रविवारी काय केलं ते एकेकाने सांगायचं, अहिराणीत सांगितलं तरी चालतं. चालतं म्हणजे काय, मला तेच पाहिजे असतं. पोरगं "मना बाप नवीन ट्रॅक्टर लयना" म्हणतं, मी म्हणते वा, फळ्यावर कसं लिहू, मग सगळे मिळून "माझ्या वडिलांनी नवीन ट्रॅक्टर आणला" असं करतात. अहिराणीचं वाक्यपण वर तसंच ठेवते, पुसत नाही. घरची भाषा चुकीची आणि शाळेची बरोबर असं एकदा पोराच्या डोक्यात बसलं की ते तोंडच उघडत नाही, पुढे चौथीपर्यंत मुकं राहतं. तुमच्याकडे वऱ्हाडी असेल, कोकणी असेल, पावरी असेल, हेच करा.

अशी सात-आठ वाक्यं जमतात. मोठ्या कागदावर उतरवून भिंतीला लावायची, तोच आमचा आठवड्याचा वाचनपाठ. पुस्तकातल्या पाठापेक्षा पोरं हा दहापट वाचतात, कारण त्यात स्वतःचं वाक्य असतं, आणि मित्राच्या वाक्यात काय लिहिलंय ह्याची उत्सुकता तर त्याहून जास्त. त्या आठवड्यातल्या कागदावर ट्रॅक्टर होता, रस्ता होता, चप्पल हरवल्याची एक लांबलचक कथा होती, कुत्र्याची पिल्लं होती. जोडाक्षरं शोधायला कुठे जायची गरजच नाही पडली.

आता जोडाक्षरांचं थोडं सविस्तर बोलते, कारण नवीन लोक इथे फार घाई करतात. फळ्यावर क्ष, ज्ञ, त्र, श्र लिहायचं, पाच-पाच वेळा काढून आणा, झालं. असं नका करू. क्रम लावा. आधी तेच अक्षर दोनदा येणारे शब्द, चप्पल, पत्ता, डब्बा, पिल्लू, कारण कानाला धक्का लगेच जाणवतो. पत्ता म्हणताना टाळी वाजवायला लावा, टाळी मधे अडखळते बघा. मग उभ्या दांडीची अक्षरं, स, त, प, न, म वगैरे, ह्यांची दांडी काढली की अर्धं झालं. अक्षरकार्डावरची दांडी मी कात्रीने खरंच कापते, पोरांना ते जाम आवडतं, स ची दांडी कापली आणि त ला चिकटवली की रस्ता. मग क आणि फ, ह्यांचा नुसता बाहेरचा आकडा आखूड होतो. मग ट, ठ, ड, ढ, द, ह असे ज्यांना दांडी कापायची सोयच नाही ते, तिथे पाय मोडायचा (खाली तिरकी रेघ द्यायची) किंवा एकाखाली एक लिहायचं. आणि र सगळ्यात शेवटी, कारण त्याची चार सोंगं आहेत, सूर्यातला डोक्यावर, चक्रातला पोटात, ट्रकातला खाली टोपीसारखा, आणि दुसऱ्या-तिसऱ्यातला आडवा. हे एका आठवड्यात होत नाही हां, मला चार-पाच आठवडे लागतात. त्या आठवड्यात फक्त दांडी कापायची अक्षरं होती. तरी ट्रॅक्टर सगळ्यांनाच लिहायचा होता, म्हटलं लिहा, बघून लिहा. पोराला जो शब्द हवाय तो "अजून शिकवलेला नाही" म्हणून अडवायचा नसतो.

आणि एक चूक तुम्हाला दिसेल तेव्हा घाबरू नका. बुधवारपर्यंत दोन-तीन हुशार पोरं "चम्चा", "मुल्गा", "आप्ला" असं लिहायला लागतात. पालक वही बघून म्हणतात मॅडम आधी बरोबर लिहायचा, तुम्ही बिघडवलं. बिघडवलं नाही, त्याला कळलंय. मराठीत आपण चमचा लिहितो आणि म्हणताना म अर्धाच म्हणतो, मुलगा लिहितो आणि ल अर्धा. पोराने ऐकलं तसं लिहिलं, त्याचे कान तयार आहेत. ह्याला देता येईल असा सोपा नियम दुसरीत तरी नाही, शब्द डोळ्याखालून पुन्हापुन्हा गेला की बसतो. मी म्हणते ऐकलंस बरोबर, पण हा शब्द पूर्ण कपडे घालून येतो. लाल पेनाने काट मारत नाही. उलटं जे पोरगं "रसता", "चपल" लिहितं त्याच्याकडे जास्त लक्ष द्या, त्याला धक्का अजून ऐकूच येत नाहीये.

मंगळवारी गणित काढलं. शेजारच्या गावचा बाजार मंगळवारी असतो, म्हणून आदल्या दिवशीपेक्षा दोन-तीन पोरं जास्त आली पण तीन बाजाराला गेली, असं ते चालूच असतं. साहित्य काय, आईसक्रीमच्या काड्या आणि रबर. काड्या नसतील तर तुरीच्या काड्या तोडून आणायला सांगा, आमच्याकडे शिवाराला तोटा नाही. दहा काड्यांचा एक गठ्ठा, रबर लावायचं. हे गठ्ठे बांधायचं काम पोरांनीच करायचं, तुम्ही घरून बांधून आणलेत तर अर्धी शिकवण तिथेच गेली. कारण सगळी हातच्याची वजाबाकी त्या रबरात आहे. ४२ काड्या घे, म्हणजे चार गठ्ठे आणि दोन सुट्या. आता मला १७ दे. एक गठ्ठा देतं पोरगं, मग सात सुट्या द्यायच्या तर जवळ दोनच. थांबतं. बघतं तुमच्याकडे. इथे बोलायचं नाही ताई, जिभेवर दगड ठेवायचा. मी मोजते मनात वीसपर्यंत. कोणीतरी एक रबर काढतंच. तो रबर काढल्याचा आवाज म्हणजे आमचा त्या आठवड्याचा पाठ. मंगळवारी फळ्यावर एकही वजाबाकी लिहिली नाही, वहीपण काढली नाही, नुसतं गठ्ठे बांध आणि गठ्ठे सोड. शेजारी सर डोकावून म्हणाले काय मॅडम खेळ चाललाय, म्हटलं हो.

फळ्यावर आधी लिहिलं तर काय होतं ते सांगते. ४२ खाली १७ उभं मांडलं की अर्ध्या वर्गाचं उत्तर ३५ येतं. दोनातून सात जात नाही, मग सातातून दोन वजा करून टाकतात, पाच, आणि चारातून एक तीन. मोठ्यातून लहान काढायचं एवढंच त्यांनी ऐकलेलं असतं ना. हे ३५ उत्तर दिसलं की समजायचं पोराला संख्या दिसत नाहीये, दोन वेगळे अंक दिसतायत. पुन्हा काड्यांवर.

ह्यातच आपल्या मराठीच्या संख्यानावांची भानगड आहे. त्रेचाळीस म्हटलं की कानावर आधी तीन पडतो, मग चाळीस, म्हणून पोरगं ३४ लिहितं. एकोणपन्नास तर विचारूच नका, पन्नास ऐकू आलं म्हणून पाच लिहिलं, नऊ हे माहीत आहे, झाले ५९. फक्त नव्व्याण्णवला एकोणशंभर म्हणत नाहीत, एवढीच काय ती सुटका. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीस, बावीससाठी "वीस एक, वीस दोन" असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय का, विधानसभेपर्यंत विषय गेला, टिंगल तर किती झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, त्यांचं म्हणणं साधं होतं, दशक आधी ऐकू आला तर पोराला लिहायला सोपं जातं, आणि त्र्याहत्तर, सत्त्याऐंशी असली जोडाक्षरं त्या वयात जड जातात. कन्नड-तेलुगूत दशक आधीच म्हणतात. मला विचाराल तर घरात, बाजारात पोरं त्रेचाळीसच ऐकणार, ते सोडून चालत नाही, पण वर्गात मी दोन्ही म्हणवून घेते. गठ्ठे मोजताना चाळीस तीन, मग "म्हणजे किती?" त्रेचाळीस. टिंगल करणाऱ्यांनी एकदा ३४ लिहिणाऱ्या पोरासमोर बसावं.

बुधवारी वर्गात बाजार भरवला. मंगळवारच्या बाजाराहून आलेली पोरं ताजी असतात, कोणी काय भाव लावला सगळं माहीत. खेळण्यातल्या नोटा, दहाच्या आणि एकेक रुपयाची नाणी, बाकी काही नाही. पाच-पन्नासच्या नोटा त्या दिवशी मुद्दाम बाजूला ठेवते, दहा आणि एक हेच काड्यांचे गठ्ठे आहेत ना. पहिलीची पोरं भाजीवाली, दुसरीची गिऱ्हाईकं. भाजी म्हणजे चिंचोके, खडे, कागदाची वांगी. भावाच्या पाट्या दुसरीने लिहायच्या, त्यात "वांगी १८", "मिरच्या १२", "कोथिंबीर जुडी ७", म्हणजे जोडाक्षरपण आलं हळूच, मिरच्या लिहिताना च्य.

एका पोराने दहाच्या पाच नोटा घेतल्या, १८ ची वांगी घेतली आणि उत्तर सांगितलं ४८ परत. तेच, आठातून शून्य आठ. मी काही बोलले नाही, भाजीवाली बसलेली पहिलीची पोरगी म्हणाली, मॅडम ह्याला मी ४८ कशाला देऊ, मग माझ्या वांग्याचे दोनच रुपये! पहिलीतली पोरगी हो, तिची आई खरीच भाजी विकते. तिने त्याला सुटे कसे द्यायचे ते दाखवलं, अठराला दोन दिले, वीस, मग दहा दहा दहा, पन्नास. वजाबाकी केलीच नाही तिने, चढत गेली. ही रीत पुस्तकातल्या उभ्या मांडणीपेक्षा वेगळी आहे पण शंभर टक्के बरोबर आहे, दुकानदार आयुष्यभर हीच करतो. मी ती दुसरीला वेगळी शिकवली मग दुपारी.

दोन वर्ग एका खोलीत कसे सांभाळायचे हे तुम्ही विचारलंय, त्याचं अर्धं उत्तर हेच आहे, एकच काम काढायचं आणि त्यात दोघांना वेगळ्या जागा द्यायच्या. गप्पा एकत्र, गोष्ट एकत्र, बाजार एकत्र. उरलेल्या वेळी एका वर्गाला हाताचं काम आणि एकाला तुम्ही. पहिलीला तळफळा द्या, म्हणजे भिंतीला खाली जमिनीलगत रंगवलेला काळा पट्टा, नसेल तर ग्रामपंचायतीला किंवा शाळा व्यवस्थापन समितीला सांगून रंगवून घ्या, डबाभर रंगाचं काम आहे. प्रत्येक पोराला आपली जागा मिळाली की वीस मिनिटं ती चिमणीसारखी शांत बसतात. वीसच हां, एकविसाव्या मिनिटाला खडू नाकात गेलेला असतो.

गुरुवारी वही. आता फळ्यावर उभी मांडणी, पण बाजूला काड्या असतातच, ज्याला पाहिजे त्याने घ्यायच्या. गठ्ठा सोडला की फळ्यावर चार खोडून तीन, आणि दोनाचे बारा. हाताने केलं ते अंकात लिहायचं, एवढंच. दहा गणितं देऊ नका, चार द्या, आणि त्यातलं एक असं द्या की ज्यात गठ्ठा सोडायची गरजच नाही, ४८ वजा १५ सारखं. जी पोरं रीत पाठ करतात ती तिथेपण गठ्ठा सोडून बसतात, लगेच कळतं कोण विचार करतंय आणि कोण नुसतं चार खोडून तीन करतंय. भाषेत गुरुवारी स्वतःचं लेखन, सोमवारच्या कागदावरचं आपलं वाक्य घ्यायचं आणि पुढे दोन वाक्यं स्वतःची लिहायची. श्रुतलेखनाच्या मी विरोधात नाही पण आठवड्याला पाच-सात शब्द बास. चप्पल हरवलेल्या पोरीने नऊ ओळी लिहिल्या, एकही काना बरोबर नव्हता आणि गोष्ट मात्र एक नंबर, शेवटी चप्पल कुत्र्याच्या पिल्लाखाली सापडली. तिला मी वर्गासमोर वाचायला लावलं, चुका सोमवारी बघू म्हटलं.

इंग्रजी रोज वीस मिनिटं, त्यात विशेष सांगण्यासारखं नाही. स्टँड अप, टच युवर नोज, ओपन द डोअर, पोरं धावून करतात, गाणी म्हणतात, वस्तूंची नावं. दुसरीत त्याहून जास्त ओढाताण करू नये असं माझं मत आहे, मराठी वाचन पक्कं झालं की इंग्रजी मागे येतं.

दुपारची खिचडी पण वर्गच समजा. ताटं किती लागतील हे दुसरीतली दोन पोरं रोज मोजून स्वयंपाकी मावशींना सांगतात. आज दुसरीची १२, पहिलीची ९, आणि सरांकडून चिठ्ठी आली १९ ची, मग एकूण किती, आणि कपाटातल्या ताटांतून तेवढी काढली तर कपाटात किती राहायला पाहिजेत. ताट जरी एक कमी आलं तरी आरडाओरडा होतो, उत्तर चुकलं हे मी सांगायची गरज नसते. मागे आम्ही तांदूळपण मोजला होता, माणशी १०० ग्रॅम असतो प्राथमिकला, तो तराजूत घालून दाखवला तेव्हा एक म्हणालं एवढासाच? शिजल्यावर किती होतो ते बघून मग गप्प.

शुक्रवार माझा सगळ्यात महत्त्वाचा दिवस. त्या दिवशी मी शिकवत नाही, ऐकते. पोरांना चित्र, वाचनकोपरा, काड्या, मातीकाम असं काहीतरी लावून देते आणि एकेकाला जवळ बोलावते, प्रत्येकी तीन मिनिटं. भिंतीवरच्या कागदावरची तीन वाक्यं वाच, स्वतःचं नाही, दुसऱ्याचं, कारण स्वतःचं पाठ असतं. एक गणित काड्यांवर कर, एक तोंडी. १९ पोरं म्हणजे जवळपास तास जातो, सगळी आलेली नसतातच. वहीत तीन रकाने, येतं, आधार दिला की येतं, अजून नाही. त्या शुक्रवारी वजाबाकी आठ जणांना येत होती, पाच जणांना काड्या हातात दिल्या की येत होती, तिघांना नाही, आणि तीन पोरं अख्खा आठवडा कापसात. हा हिशोब मी कोणाला पाठवत नाही, तो फक्त माझा सोमवार ठरवतो. पहिली-दुसरीला आकारिकचे (रोजच्या कामावरून केलेल्या नोंदींचे) ७० आणि संकलितचे (सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे) ३० गुण असतात ना, त्या ७० च्या नोंदी ह्याच वहीतून आयत्या मिळतात, सत्राच्या शेवटी बसून काहीतरी रचत बसावं लागत नाही.

वाचनाच्या वेगाचं तुमच्यावर दडपण येईल. निपुण भारतमधे (लहान वर्गांच्या वाचन-गणिताच्या केंद्राच्या अभियानात) दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द, अर्थासह, असं आहे. ते "अर्थासह" लोक विसरतात आणि घड्याळ लावून पोरांना पळवतात. पोरं मग शेवटची अक्षरं गिळून वाचतात, काय वाचलं विचारलं तर कोरं. मी घड्याळ महिन्यातून एकदा लावते, ताप मोजल्यासारखं. पण दुसरीचं वाचन हलकं पण घेऊ नका. पोरांना वाचन-गणित किती येतं ते बघणारं असरचं गावोगावचं सर्वेक्षण माहीत असेलच, २००५ पासून चालू आहे, त्यात वाचनाची सगळ्यात वरची पायरी म्हणजे दुसरीच्या पातळीचा उतारा. आठवीच्या पोरालापण तोच देतात. आणि मोठ्या वर्गातली कितीतरी पोरं तिथेच अडकलेली दिसतात. ती पोरं कधीतरी आपल्याच खोलीतून वर गेलेली असतात.

शनिवार सकाळची शाळा. २०२४ पासून शासनानेच आनंददायी शनिवार म्हटलंय त्यामुळे कोणी विचारतपण नाही, नाहीतर आधी शनिवारी ठसेकाम घेतलं की "अभ्यास नाही का" असं यायचं. त्या शनिवारी भेंडीचे ठसे. भेंडी आडवी कापली की आत फुलाचा आकार असतो, पाच पाकळ्यांचा, पोरांनी पाच-पाच करून मोजले, सात ठशांच्या किती पाकळ्या वगैरे, मी म्हटलं नव्हतं, त्यांचीच चढाओढ लागली. मग लगोरी. लगोरीत किती फोडल्या आणि किती रचायच्या राहिल्या हेपण वजाबाकीच आहे, पण प्रत्येक ठिकाणी गणित घुसवू नका हो, कधी नुसतं पळू द्या.

आता खरं सांगते, हा आठवडा जरा नशिबाने सलग मिळाला. नाहीतर बुधवारी प्रशिक्षणाचा मेसेज येतो, गुरुवारी कोणती तरी माहिती आजच्या आज भरून पाहिजे, निवडणूक जवळ आली की बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम. म्हणून नियोजन असं करा की मधले दोन दिवस गेले तरी आठवडा मोडू नये. सोमवारच्या गप्पा आणि शुक्रवारचं ऐकणं हे दोन मी सोडत नाही, मधलं पुढच्या आठवड्यात ढकलते. एकाच गोष्टीवर दोन आठवडे गेले म्हणून आजपर्यंत कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलं नाही.

गृहपाठाचं विचारलंय. आमच्याकडे आई-बाप अंधार पडल्यावर वावरातून येतात, त्यांना वही घेऊन बसवणं शक्य नाही आणि "पालक लक्ष देत नाहीत" म्हणणं मला पटत नाही. असा गृहपाठ द्या की ज्यात आईला लिहिता-वाचता येत नसलं तरी ती हुशार ठरेल. आज्जीकडून एक गोष्ट ऐकून या. घरात चपला किती आहेत मोजून या. आज किती किलो कापूस वेचला विचारून या, आणि कालच्यापेक्षा किती कमी-जास्त ते सांगा. कापसाचा आकडा एकही पोरगं विसरत नाही, मजुरी किलोवर असते ना.

आणि ती कापसातली तीन पोरं सोमवारी आली की त्यांना आधी भिंतीचा कागद वाचून दाखवायचं काम वर्गातल्याच कुणालातरी द्या, तुम्ही नका करू. पोरं पोरांना जास्त पटकन सांगतात, आणि सांगणाऱ्याचंही पक्कं होतं. काड्यांचे गठ्ठे शनिवारी सोडून ठेवायचे, सोमवारी नव्याने बांधायचे.

फक्त रबर जास्तीचे आणून ठेवा, निदान दुप्पट. मधल्या सुट्टीत त्यांच्या गलोली होतात.